‘ओपनहायमर’ आवडला नाही म्हणजे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात विचारलंत, भाच्याच्या मुंजीत जेवताना विचारलंत, परवा तर लिफ्टमध्ये गाठून विचारलंत, “सात ऑस्कर मिळालेला सिनेमा, आणि तुला आवडला नाही म्हणजे काय?” आजवर माझी दोन उत्तरं ठरलेली होती. एक, फार बडबड आहे. दोन, पार्श्वसंगीत इतकं अंगावर येतं की खाली इंग्रजी अक्षरं नसती तर निम्मे संवाद वाहून गेले असते. मार्च २०२४ मध्ये ध्वनीचं ऑस्कर त्याला न मिळता ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला गेलं, तेव्हा मी दोघातिघांना मुद्दाम फोन करून ते ऐकवलंही होतं.

खोटं यातलं काहीच नाही. पण खरं उत्तर वेगळं आहे.

आणि आधीच सांगते, हिला इंग्रजी सिनेमे झेपत नाहीत असं म्हणू नका. ‘बार्बी’ मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा एकटीने. ‘द होल्डओव्हर्स’मधला तो तिरसट मास्तर तुमच्यातल्या निम्म्यांना मीच बघायला लावलाय. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागात डुलकी लागली, कबूल. वाळू किती बघायची? लांबीची तक्रार तर नाहीच. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ जवळजवळ साडेतीन तासांचा आहे, तो पाहिला की नाही एका बैठकीत?

‘ओपनहायमर’ला, म्हणजे अणुबॉम्ब बनवणाऱ्या त्या शास्त्रज्ञावरच्या सिनेमाला, मी बाबांना घेऊन गेले होते. जुलै २०२३, ते सांगलीहून आले होते. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, रिक्षातच सुरू झाला. १६ जुलै १९४५ ची पहाट, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहिल्या अणुबॉम्बची चाचणी, स्फोटापासून दहा मैलांवर भौतिकशास्त्रज्ञ फर्मी उभा. हातात कागदाचे कपटे. हवेचा धक्का पोचायला चाळीसेक सेकंद लागली. तो पोचताना याने कपटे सोडले, ते अडीच मीटर सरकले, त्यावरून गड्याने बॉम्बची ताकद काढली. “कागदाच्या कपट्यांवरून!” हे त्यांनी रिक्षावाल्यालाही सांगितलं.

मध्यंतरापर्यंत छान चाललं होतं. सेन्सॉरसाठी ओपनहायमरच्या प्रेयसीच्या, त्या टॅटलॉकबाईंच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला होता. एरवी मी त्यावर बोटं मोडली असती. बाबा शेजारी बसलेले, मनातल्या मनात हात जोडले.

मग तो प्रसंग. उलटी मोजणी संपते, पडदाभर आग उसळते आणि आवाज नाही. नुसते श्वास. अख्खं थिएटर गप्प. तेवढ्यात शेजारी खुडबुड. बाबांचा हात कानाकडे गेला होता. ऐकू येण्याच्या मशीनचा सेल गेला, असं त्यांना वाटलं.

त्यांनी मशीन काढलं, नखाने त्याचं इवलंसं झाकण उघडलं, खिशातून पाकीट काढून नव्या सेलची चिकटपट्टी सोलली. ही पट्टी काढली की सेल मिनिटभर हवेवर ठेवायचा असतो, मग बसवायचा. बाबा नियमाचे पक्के. तळहातावर सेल घेऊन बसून राहिले. आणि तो घरंगळून खाली पडला. ते वाकले, मोबाइलचा टॉर्च लावला. मागून, “ओ काका, लाइट!”

मी त्यांच्या दंडाला धरलं आणि दात-ओठ खाऊन म्हणाले, “बाबा, पुरे! एका जागी बसा ना जरा!” मशीनशिवाय त्यांना ते ऐकू गेलं नसणार. पण माझा चेहरा टॉर्चच्या उजेडात होता.

त्याच वेळी स्फोटाचा आवाज आला. खुर्च्या हादरल्या. बाबा वाकलेलेच होते. वर बघून म्हणाले, “झालं का?”

मी म्हटलं, “झालं.”

पुढे सभागृहात ओपनहायमरचं भाषण आहे. लोक पाय आपटताहेत, टाळ्या पिटताहेत आणि पुन्हा सगळा आवाज गुल. बाबांचा हात परत कानाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

तेव्हाची मी म्हणते, मागच्यांनीही पैसे भरले होते, थिएटरात टॉर्च लावतात का? बरोबर आहे तिचं. शांतता तशी वापरायची तर ऐकू न येणाऱ्यांचं काय, हेही एकदा तावातावाने बोलून पाहिलं. फार लंगडं वाटलं. कारण ती शांतता मला कळायला हवी होती. वळवाच्या पावसात आमच्या ओट्यावर बसून बाबांनीच शिकवलं होतं, वीज चमकली की सेकंद मोज, तीनने भाग, तेवढ्या किलोमीटरवर पडली. आधी उजेड, मागून आवाज. पडद्यावर तेच चाललं होतं, आणि दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

घरी पिठलं-भात खाताना त्यांनी एवढंच विचारलं, “आवाज किती सेकंदांनी आला गं?”

“कोण मोजतंय, बाबा!”

“हं,” म्हणाले.

सिनेमा त्यांना आवडला. सांगलीत सगळ्यांना सांगतात, बघा म्हणून. न आवडलेली मी एकटी.

गेल्या दिवाळीत ते आले तेव्हा कानात नवं मशीन होतं, चार्जिंगचं, सेलची भानगड नाही. दुपारी मी टीव्हीवर ‘ओपनहायमर’ लावला आणि पुढे पुढे ढकलत वाळवंटातल्या पावसापर्यंत आणला. मोबाइलवर सेकंदांचं घड्याळही उघडून ठेवलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. ती आधी बाबांनाच ऐकू आली. कुरिअरवाला होता. सही करून परत आले आणि मी बातम्या लावल्या.