कुकडीकाठची ‘अंडी’ आणि चुन्याची ‘हाडं’

माझा पुतण्या एक अंडाकृती दगड वर्षभर उशाशी ठेवून झोपतोय. ते डायनासोरचं अंडं आहे याबद्दल त्याला शंकाच नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून भागलं नसतं, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी दगडासकट त्याला कुकडी नदीवर नेलं.

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर, तिथून टाकळी हाजी. पलीकडच्या तीरावर निघोज. पहाटे निघा, उन्हात काळा खडक तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात अजिबात जाऊ नका. एरवीही वरच्या धरणातून पाणी सोडलंय का, हे गावात विचारूनच पात्रात उतरा. पात्रातल्या खळग्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि खोली वरून कळत नाही.

इथे भोवऱ्यात अडकलेल्या गोट्यांनी फिरून फिरून बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या खडकात, रांजणासारखे खोल खळगे (रांजणखळगे) कोरलेत. एका कोरड्या खळग्याच्या तळाशी तसले गोटे पडले होते. पुतण्याने एक उचलून आपल्या अंड्याशेजारी धरला आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, इतकी अंडी एकाच खड्ड्यात?”

तिथून बोलणं सोपं झालं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हजार अंशांहून तप्त रसात हाड कसलं टिकणार? दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साचली, तिथल्या गाळात जीवाश्म मिळतात. पण पुण्याच्या आसपास असे थर फारच कमी. बेसॉल्टचे चिरे कोपऱ्यांकडून आधी कुजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून आत गोल गाभा उरतो. त्यालाही लोक अंडंच समजतात. भेगेतली नेच्यासारखी (फर्नसारखी) नक्षीही बहुधा वनस्पतीची नसून मँगनीजच्या खनिजाची असते. तिला पानासारखी मधली शीर नसते.

काठावरच्या पिवळसर गाळाची गोष्ट मात्र वेगळी, तिथे नीट बघा. घोड-भीमेच्या खोऱ्यातल्या अशा जुन्या गाळात जनावरांची जीवाश्म हाडं खरोखर मिळाली आहेत. आम्हाला बोटांएवढे पांढरे, गाठाळ तुकडे दिसले. मी व्हिनेगरचा थेंब टाकला, फेस आला. पण फेसावरून निकाल लागत नाही, कारण चुना मुरलेलं हाडही फसफसतं. आधीच तुटलेली बाजू भिंगाखाली धरा. हाडाला बाहेर घट्ट कड आणि आत स्पंजासारखी बारीक जाळी असते. आमच्या तुकड्यांत सगळीकडे सारखा चुना होता, त्यातल्या दोन तुकड्यांत मधोमध मुळाएवढं भोक होतं. मुळाभोवती साचलेला कंकर, म्हणजे चुन्याचा खडा तो.

जाळी दिसली तर उकरू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. थरातून काढलेल्या दगडाची निम्मी माहिती तिथेच राहते.

गाडीत मी पुतण्याला विचारलं, “घरचा दगड तू नेमका कुठून उचललास?” शिरूर येईपर्यंत तो आठवत होता. सिंहगडाच्या वाटेवर की आजोळच्या ओढ्यात, हे त्याला काही सांगता आलं नाही.