गोळी लपवता येते, प्रेशर कसं लपवणार?

गोळीच्या ट्रायलमध्ये ब्लाइंडिंग तसं सोपं असतं. त्याच रंगाची, त्याच आकाराची बिनऔषधाची गोळी करायची, बाटलीवर कोड टाकायचा, पेशंटला माहीत नाही डॉक्टरलाही माहीत नाही, झालं काम. पण ज्या ट्रीटमेंटमध्ये माणसाला पोलादी टाकीत बसवून, दार लावून, हवेचा दाब दुप्पट-अडीचपट करायचा आणि मास्कमधून १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा, तिथे त्याला खरी ट्रीटमेंट मिळतेय की खोटी हे त्याच्यापासून लपवायचं कसं? घरात एकांना कुणीतरी हायपरबेरिक ऑक्सिजन सुचवलं म्हणून मी त्याचे पेपर वाचायला घेतले, आणि खरं सांगते, रिझल्ट राहिले बाजूला, मी या लपवाछपवीतच अडकले.

मुख्य चुगलखोर म्हणजे कान. लोणावळ्याहून खोपोलीला घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तिथे हवेच्या दाबात फरक पडतो जेमतेम सहा-सात टक्के. चेंबरमध्ये तो १००-१५० टक्के वाढतो, नाक दाबून फुंकर मारत बसावं लागतं नाहीतर कान ठणकतात. वर दाब वाढताना आतली हवा गरम होते, उतरवताना गार पडते. ऑक्सिजनला रंग नाही वास नाही चव नाही, तो सहज लपतो. लपत नाही तो दाब.

मग संशोधकांनी काय केलं, तर खोट्या गटालाही थोडंसं प्रेशर द्यायचं ठरवलं. समुद्रसपाटीचा दाब म्हणजे १ एटीए धरा, तर खऱ्या गटाला २ किंवा २.४ आणि खोट्या गटाला १.२-१.३, तेही साधी हवा. म्हणजे कान बंद होतात, आवाज येतो, आणि आधी कधी चेंबरमध्ये न गेलेल्या माणसाला १.३ आणि २ मधला फरक कळायला काही मार्ग नाही. इस्राएलमध्ये लाँग कोविडवर जी ट्रायल झाली (२०२२ मध्ये छापून आली, ७३ पेशंट) त्यात तर छान नाटक होतं, पहिली पाच मिनिटं हवेच्या आवाजासकट दाब १.२ पर्यंत चढवायचा, मग पुढच्या पाच मिनिटांत हळूच १.०३ वर आणून ठेवायचा आणि उरलेला वेळ पेशंट मास्क लावून साधी हवा घेत बसलेला. मला हे वाचून हसू आलं, पण आयडिया डोकेबाज आहे.

भांडण सुरू होतं ते इथून. कॅनडात क्विबेकमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही तो आजार) १११ मुलांवर ट्रायल झाली, २००१ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली. एका गटाला १.७५ एटीएवर १०० टक्के ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ वर साधी हवा, ४०-४० सेशन. दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि दोघांत फरक काही नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? एक बाजू म्हणते बघा, ऑक्सिजनचा उपयोग शून्य, दोन महिने आईबापांनी आणि स्टाफने मुलांकडे जे लक्ष दिलं त्याचा हा परिणाम. दुसरी बाजू म्हणते छे, १.३ ची हवा हेसुद्धा औषधच आहे, कमी डोसचं, म्हणून दोघंही सुधारले. आणि हे पूर्ण खोडूनही काढता येत नाही! १.३ एटीएवर साध्या हवेतला ऑक्सिजन म्हणजे २१ गुणिले १.३, साधारण २७ टक्के. पण २७ टक्के म्हणजे किती, तर वॉर्डात नाकाला नळी लावून दोन लिटर ऑक्सिजन सोडतात ना, जवळपास तेवढाच. त्याने सेरेब्रल पाल्सी सुधारत असती तर एव्हाना कळलं नसतं का? यावर त्यांचं उत्तर असतं की ऑक्सिजन नाही, तो थोडासा दाबच काम करतो. असं प्रत्येक वेळी गोलपोस्ट सरकतो.

गंमत म्हणजे हेच १.३ एटीएचे फुगवायचे सॉफ्ट चेंबर वेलनेसच्या नावाखाली सर्रास विकले जातात. ट्रायलमध्ये जे प्लासिबो, म्हणजे खोटी ट्रीटमेंट, म्हणून वापरलं तेच बाहेर पॅकेज लावून पैसे घेऊन देतात. असो.

दुसरा उपाय मला जास्त प्रामाणिक वाटतो, दाब सगळ्यांना सारखाच द्या, गॅस बदला. फ्लोरिडात पेन्साकोलाला अमेरिकन नौदलाने डोक्याला मार लागलेल्या ६० सैनिकांवर असंच केलं, सगळ्यांना २ एटीए, पण मास्कमधून कुणाला १०० टक्के ऑक्सिजन, कुणाला ७५, आणि कुणाला फक्त १०.५. साडेदहा का, तर दुप्पट दाबाला साडेदहा टक्के म्हणजे आपण बाहेर घेतो तेवढाच ऑक्सिजन शरीराला मिळतो. कान तेच, गरमी तीच, मास्क तोच, कळणार कसं? गटांत फरक निघाला नाही. यात अडचण एकच, खोट्या गटाच्या अंगात नायट्रोजन जास्त विरघळतो, म्हणजे खोल पाण्यातून पटकन वर आलेल्या पाणबुड्या माणसांना होतो तो बेंड्सचा त्रास (विरघळलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होतात) होऊ नये म्हणून दाब उतरवताना जपावं लागतं. खोट्या ट्रीटमेंटसाठी पेशंटला खरा धोका, हे एथिक्स कमिटीला पटवणं सोपं नाही. आणि 'दाबच औषध आहे' म्हणणाऱ्यांना यातून उत्तर मिळतच नाही, कारण दाब तर सगळ्यांनाच दिला.

पण असं ब्लाइंडिंग केलं की नेहमी 'फरक नाही' असंच निघतं असंही नाही हां. स्वीडनमध्ये डायबेटिक फुटच्या (डायबेटिसमुळे पायाची जखम भरत नाही) ९४ पेशंटना दोन्ही गटांत २.५ एटीए दाब दिला, एकांना ऑक्सिजन एकांना हवा. वर्षभरात जखम पूर्ण भरली ती ऑक्सिजनच्या गटात ५२ टक्के लोकांची, हवेच्या गटात २९ टक्के. २.५ ला साधी हवा म्हणजे ५२ टक्के ऑक्सिजनइतकी होते, तरीही फरक दिसला. म्हणून सगळ्याच हायपरबेरिकला भंपक म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

अमेरिकन सैन्याने डोक्याला मार लागलेल्यांवरच्या नंतरच्या एका ट्रायलमध्ये अजून एक गट वाढवला, ७२ सैनिक, एकांना १.५ वर ऑक्सिजन, एकांना १.२ वर हवा, आणि तिसऱ्यांना चेंबरच नाही, नेहमीचे उपचार. चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले, आपापसांत मात्र सारखेच. तिसऱ्या गटाला अर्थातच माहीत होतं की आपल्याला काही मिळत नाहीये, तिथे ब्लाइंडिंग नाहीच. पण मला विचाराल तर चेंबरमध्ये जाऊन बसण्याचा आपला एक परिणाम असतो हे इतकं स्पष्ट बाकीच्यांनी दाखवलं नव्हतं.

एवढं सगळं करून भांडं फुटतं ते भलतीकडेच. जास्त सेशन झाले की ऑक्सिजनमुळे काहींच्या चष्म्याचा मायनस नंबर वाढतो, पुढे काही आठवड्या-महिन्यांत परत येतो बऱ्याचदा, पण तोवर पेशंटला कळून चुकतं ना! त्वचेवर ऑक्सिजन मोजायचा सेन्सर लावला की आकडा बघून स्टाफला कळतं. एका चेंबरमध्ये पाच-सहा जण बसले की गप्पा होतात, तुझे कान दुखले का, माझे नाही दुखले. बाहेर गॅसचे व्हॉल्व्ह बघणाऱ्या टेक्निशियनला तर माहीत असावंच लागतं, म्हणून त्याला पेशंटपासून आणि तपासणाऱ्या डॉक्टरपासून लांब ठेवतात.

म्हणून आता कुठलाही पेपर उघडला की मी आधी एकच गोष्ट शोधते, 'तुम्हाला कुठला गट मिळाला असं वाटतं' हे पेशंटना विचारलं का, आणि कधी विचारलं. फक्त शेवटी विचारलं तर ज्याला बरं वाटलं तो म्हणणार मला खरीच मिळाली, ज्याला नाही वाटलं तो म्हणणार खोटी, त्यातून ब्लाइंडिंग फुटलं की गुण आला हे वेगळं काढता येत नाही. पहिल्या सेशननंतर विचारलेलं उत्तर त्यातल्या त्यात कामाचं. पण चष्म्याचा नंबर बदलतो तो विसाव्या-तिसाव्या सेशनच्या आसपास, म्हणजे मध्येही एकदा विचारायला हवं, आणि मी चाळले त्या पेपरांत ते मला कुठे सापडलं नाही.