सेलकर्क : शीव राखणारं गाव

एडिनबराहून निघालेली एक्स ९५ बस गालाशील्स मागे टाकते, ट्वीड नदी ओलांडते आणि थोड्या वेळाने चढाला लागते. चढ संपला की सेलकर्क. स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागातलं हे बाजाराचं जुनं गाव, वस्ती जेमतेम सहा हजारांची. खाली एट्रिक नदीचं खोरं, वर टेकडीवर घरं, आणि मधोमध बाजारचौक. चौकात उंच मनोऱ्याचं जुनं न्यायालय आहे आणि त्याच्यासमोर वॉल्टर स्कॉटचा पुतळा. जगाला तो कादंबरीकार म्हणून माहीत असला तरी इथे तो १७९९ पासून १८३२ साली मरेपर्यंत शेरीफ, म्हणजे न्यायाधीश होता. मेंढ्या, कर्ज, मारामाऱ्या असले दावे ऐकत तो या इमारतीत बसायचा.

पण स्कॉटसाठी सेलकर्कला यायची गरज नाही, त्याचं ॲबट्सफर्डचं घर जवळच आहे. सेलकर्कला यावं ते जूनमध्ये, कॉमन रायडिंगच्या, म्हणजे घोड्यावरून गावची शीव फिरून येण्याच्या शुक्रवारी. मीही त्यासाठीच गेले होते.

जुन्या काळी गावाभोवतीचं गायरान सगळ्या गावकऱ्यांच्या मालकीचं असे. जनावरं चारायची ती तिथे, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायचं तेही तिथेच. आजूबाजूचे जमीनदार मात्र दरवर्षी थोडी थोडी शीव पुढे सरकवत. म्हणून गावातले लोक घोड्यावर बसून वर्षातून एकदा सगळी शीव फिरून येत आणि खुणेचे दगड जागेवर आहेत का ते पाहत. हे काम जोखमीचं होतं. १५४१ मध्ये याच सामायिक जमिनीचा हक्क मांडायला एडिनबराकडे निघालेले गावचे नगराध्यक्ष जॉन मथॅग आणि त्यांचे सहकारी जेम्स कीन यांची वाटेतच हत्या झाली. आज गावात मथॅग यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी होते. राजासाठी किंवा धर्मासाठी मेलेल्यांची स्मारकं सगळीकडे दिसतात. गायरानासाठी जीव गमावलेल्या माणसाची आठवण ठेवणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

शुक्रवारी पहाट व्हायच्या आत बासरी आणि ढोल गावाला उठवतात. जूनमध्ये इथे चारच्या सुमारासच उजाडू लागतं. गावातल्याच एका तरुणाची त्या वर्षीचा ध्वजवाहक म्हणून निवड झालेली असते. झेंडा त्याच्या हाती देताना, जसा दिला तसाच निष्कलंक परत आण, असं त्याला बजावलं जातं. मग शेकडो घोडेस्वार त्याच्यामागून उतार उतरतात, एट्रिकच्या पाण्यात घोडे घालतात आणि पलीकडच्या डोंगरावर चढतात. तिथे थ्री ब्रदरेन नावाचे दगडांचे तीन उंच ढीग आहेत, तीन हद्दी जिथे मिळतात तिथे रचलेले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींचा नातू त्या वर्षी पहिल्यांदाच स्वारीत होता. घोडे पाण्यात शिरले तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि शेवटचा घोडा पलीकडे चढेपर्यंत सोडला नाही.

स्वार परतले की सगळं गाव बाजारचौकात जमतं, आणि इथे दुसरी आठवण सुरू होते. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या लढाईत इंग्रज सैन्याने स्कॉटिश सैन्याची धूळधाण केली. राजा चौथा जेम्स स्वतः रणात पडला, त्याच्यासोबत सरदार पडले आणि हजारो साधी माणसं. आख्यायिका अशी की सेलकर्कहून ८० जण गेले होते आणि परत आला फक्त एक, फ्लेचर. त्याच्या हातात शत्रूकडून हिसकावलेला झेंडा होता. काय झालं असं बायकांनी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने झेंडा डोक्यावरून फिरवला आणि जमिनीवर टाकला. एवढ्यावरून सगळ्यांना समजलं.

दरवर्षी चौकातल्या मंचावर हेच पुन्हा केलं जातं. आधी गावचा झेंडा, मग लोहार-धातुकाम करणाऱ्यांच्या संघाचा, विणकरांचा, व्यापाऱ्यांचा, परदेशी स्थायिक झालेल्या गावकऱ्यांचा आणि सर्वांत शेवटी माजी सैनिकांचा. प्रत्येक ध्वजवाहक बँडच्या तालावर जड झेंडा ठरलेल्या पद्धतीने फिरवतो आणि अखेरीस खाली टाकतो. शेवटचा झेंडा टेकला की अख्खा चौक स्तब्ध उभा राहतो. त्यानंतर बँड फ्लॉडनच्या मृतांसाठीची शोकधून वाजवतो. मला पानिपत आठवलं. १७६१ नंतर आपल्याकडेही घराघरांत अशीच वाट पाहिली गेली असणार. पानिपत आपल्या बोलण्यात उरलं, पण त्या माणसांसाठी सगळं गाव वर्षातून एकदा एकत्र उभं राहतंय असं मी आपल्याकडे पाहिलेलं नाही, आणि त्याची खंत वाटली. सेलकर्कच्या चौकात इंग्रजांविरुद्ध एक शब्दही कानावर पडला नाही. तिथे फक्त गेलेल्यांची आठवण होती.

फ्लेचरचा पुतळा व्हिक्टोरिया हॉलसमोर आहे. लढाईला ४०० वर्षं झाली तेव्हा, १९१३ मध्ये, शिल्पकार थॉमस क्लॅपर्टनने केलेला. हाय स्ट्रीटवर मंगो पार्कचाही पुतळा आहे. जवळच्या यारो खोऱ्यात जन्मलेला हा डॉक्टर नायजर नदीचा शोध घेत आफ्रिकेत गेला आणि तिथेच मेला.

इथे जन्मलेल्यांना आजही सूटर, म्हणजे जोडे शिवणारे, म्हणतात. एके काळी तोच गावचा मुख्य धंदा होता. एखाद्याला मानाचं नागरिकत्व देताना मोच्याच्या दोऱ्याला लावतात तसे डुकराचे राठ केस वाइनमध्ये बुडवून त्याच्या तोंडातून ओढले जातात. पाहुणा मोठा असो की छोटा, यातून सुटका नाही. जोड्यांनंतर एकोणिसाव्या शतकात नदीकाठी लोकरीच्या गिरण्या आल्या आणि विसाव्या शतकात एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही त्या इमारती पाहून पोटात कालवल्यासारखं होईल. विणकरांचा झेंडा मात्र दरवर्षी फिरतोच.

जाणार असाल तर तारीख आधी पाहा : जूनमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा दुसरा शुक्रवार. त्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण, गालाशील्सला राहिलेलं बरं, पण पहाटेच्या वाहनाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा. २०१५ पासून एडिनबराहून गालाशील्सपर्यंत पुन्हा रेल्वे आहे. झेंड्यांच्या कार्यक्रमासाठी चौकात लवकर जागा धरा. नंतर सेलकर्क बॅनॉक घ्या, मनुकांनी गच्च भरलेला, लोण्याचा गोलमटोल गोड पाव. रॉबी डग्लस नावाच्या बेकरीवाल्याने १८५९ मध्ये याच चौकात तो विकायला सुरुवात केली. जाड काप करून, वर आणखी लोणी लावून, चहासोबत खायचा.