हळदीला बी का धरत नाही

आमच्या वाळवा तालुक्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीची लावण सुरू होते. बेणं म्हणून जेठे गड्डेच, म्हणजे झाडाच्या बुडाचे मोठे मुख्य कंदच ठेवतात. फुलं येतात, फिकट पिवळी, फार देखणी. पण बी सहसा धरत नाही. दहावीच्या पोरांना मी हेच दाखवते. हळदीच्या पेशीत 63 गुणसूत्रं, म्हणजे 21 चे तीन संच. परागकण बनताना पेशीतली गुणसूत्रं निम्मी होतात, त्या अर्धगुणसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या लागाव्या लागतात; तिघांत एक उरतोच, मग धड परागकण बनत नाहीत. गड्ड्याचा डोळा मात्र सूत्री विभाजनानं फुटतो, 63 ची 63 जशीच्या तशी उतरतात. सगळ्या शेताचा वारसा एकच, म्हणून कंदकुजीपुढे, म्हणजे गड्डे कुजवणाऱ्या रोगापुढे, सगळी रोपं सारखीच कच्ची. बेणं निवडताना मी एकेक गड्डा फिरवून, दाबून बघते. मऊ लागला की बाजूला.