वयाचा रकाना

माझ्या धाकट्या भावाला नोव्हेंबर २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षं सक्तमजुरी सुनावली. भादंवि कलम ३९२ सोबत ३९७, म्हणजे घातक शस्त्र वापरून जबरी चोरी. ३९७ ला सात वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. मधल्या काळात जे कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण आम्हाला ते नेमकं उलट्या क्रमाने कळलं. आधी काय करायला हवं होतं ते शेवटी समजलं.

सप्टेंबर २०१६. रात्री सव्वानऊच्या सुमाराला एका व्यापाऱ्याला दुकान बंद करून घरी जाताना गल्लीत दोघांनी अडवलं. एकाने दंडावर कोयता मारला आणि पैशांची पिशवी ओढून पळाले. बाराव्या दिवशी माझ्या भावाला उचललं. तो टेम्पो चालवतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या एका हाणामारीत त्याचं नाव आलं होतं. ती केस मिटली, पण फोटो ठाण्यातच राहिला.

त्या रात्री तो चाळीस किलोमीटरवर बाजार समितीत माल उतरवत होता. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि आम्हीही सांगत राहिलो. आम्हाला वाटलं, सांगितलं म्हणजे झालं, पोलीस जाऊन बघतील. कोणी गेलं नाही. वाट बघून मी स्वतः गेले तो बेचाळिसावा दिवस होता. गेटवर कॅमेरा होता. तिथला माणूस भला होता, त्याने डीव्हीआर उघडून दाखवला. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि त्यांच्याकडे वीसेक दिवसांचंच राहायचं. गेटचं रजिस्टर मात्र होतं. टेम्पोचा नंबर, आत येण्याची वेळ ८.५०, बाहेर १०.३५, समोर भावाची वाकडीतिकडी सही. मी त्या पानाची झेरॉक्स घेतली आणि मोठा गड जिंकल्यासारखी घरी आले.

वकिलांनी ती झेरॉक्स फाईलला लावली आणि म्हणाले, "बचावाच्या वेळी बघू." त्यांना दोष देऊन मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण त्यांच्याकडे एका दिवसात चौदा-पंधरा मॅटर असायची आणि आम्ही त्यांना दिलेले पैसेही तसेच होते. मोबाइलच्या टॉवर लोकेशनचं तर कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा कंपन्यांना कॉल रेकॉर्ड किमान एक वर्ष ठेवावं लागायचं, डिसेंबर २०२१ पासून ते किमान दोन वर्षं झालं. आमचं वर्ष जामिनाच्या अर्जांतच संपलं. तो अर्ज दोनदा फेटाळला गेला, भाऊ आतच होता.

बचावाची वेळ आली आणि गेली ती एका दुपारी. ३१३ चा जबाब म्हणतात त्याला. सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारतात, याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? भावाने बहुतेकांना "खोटं आहे" असं उत्तर दिलं. एका प्रश्नाला फक्त म्हणाला, मी त्या रात्री बाजार समितीत होतो. शेवटचा प्रश्न, बचावाचा साक्षीदार द्यायचा आहे का? त्याने वकिलांकडे बघितलं, वकिलांनी मान हलवली, उत्तर लिहिलं गेलं, "नाही". मी मागच्या बाकावर बसले होते आणि काय घडलं हे मला समजलंसुद्धा नाही. रजिस्टर मागवायचं, ते लिहिणाऱ्या कारकुनाला साक्षीला बोलवायचं, ही सगळी दारं त्या एका शब्दाने बंद झाली. झेरॉक्स फाईलमध्ये होती, पण फाईल वकिलांची. कोर्टाच्या रेकॉर्डवर तिला निशाणी क्रमांकच, म्हणजे पुरावा म्हणून दाखल झाल्याचा नंबरच, पडला नव्हता.

निकालाच्या दिवशी शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब द्यायची असते. आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही नक्कल अर्ज करून वाट बघत बसलो. अपिलाला मुदत साठ दिवस. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात, हे कळेपर्यंत आमची झोप उडाली होती. पैसे तर संपलेच होते. तेव्हा तुरुंगातल्या दुसऱ्या एका बंद्याने भावाला सांगितलं की अपील तुरुंगातूनही करता येतं, अधीक्षकांमार्फत, आणि कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन वर्षं कोर्टाच्या आवारात चकरा मारून मला जे कोणी सांगितलं नाही, ते बराकीतून आलं. आता मी येईल त्याला १५१०० हा नंबर सांगते, विधी सेवेचा टोल फ्री आहे.

हायकोर्टात मिळालेल्या वकील मॅडम माझ्याहून लहान होत्या. मी पहिल्या भेटीत रडत सुरुवात केली, भाऊ कसा आहे, घरात कसा वागतो, त्या रात्री कुठे होता. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ताई, तो निर्दोष आहे हे मला सांगू नका. कुठल्या पानावर आहे ते सांगा."

तेव्हा राग आला होता. पण अपिलात नव्याने खटला चालत नाही, खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचलं जातं, हे मला त्या वाक्याने समजलं. मग मी २१४ पानांचा संच झेरॉक्स करून घरी आणला.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. कायदा मला समजत नाही, रकाने समजतात. रोज रात्री जेवणं झाली की दहा-दहा पानं. ओळख परेडचा, म्हणजे साक्षीदाराला रांगेतून आरोपी ओळखायला लावतात त्याचा पंचनामा पान ८८ वर होता. छापील नमुना, मोकळ्या जागा पेनाने भरलेल्या. नायब तहसीलदारांनी तुरुंगात घेतलेली परेड, अटकेनंतर चौतिसाव्या दिवशी. सहा डमी, म्हणजे भावाबरोबर रांगेत उभे केलेले सहा जण. संख्या नियमाला धरून होती, आपल्याकडच्या फौजदारी नियमपुस्तिकेत एका आरोपीला निदान अर्धा डझन माणसं सांगितली आहेत. मी नावं सोडून वयाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. ४१, ३८, ४५, ५०, ३६, ४२. भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. डमी वयाने, अंगकाठीने आरोपीसारखे दिसणारे हवेत, हीच तर परेडची सगळी गोम. शिवाय भावाच्या डाव्या भुवईवर लहानपणीच्या टाक्यांचा व्रण आहे, लांबून दिसणारा. सगळ्यांच्या भुवईवर पट्टी लावून तो झाकला असता तरी चाललं असतं. पंचनाम्यात व्रणाचा उल्लेखच नाही.

मी त्या रात्री मॅडमना फोटो पाठवला. सकाळी उत्तर आलं, "चांगलं आहे. उलटतपासणी वाचत राहा."

ती वाक्यं वाचायची सवय लागते. कोर्टाच्या मराठीत साक्षीदार माणसासारखा बोलत नाही, "हे म्हणणे बरोबर आहे की" अशी सुरुवात असते. पान ४७, फिर्यादीची उलटतपासणी, खालून चौथी ओळ: "हे म्हणणे बरोबर आहे की, परेडपूर्वी मला पोलीस ठाण्यात बोलावले होते. त्यावेळी आरोपी बाकावर बसलेला होता." आमच्या त्याच वकिलांनी विचारलेला प्रश्न. म्हणजे ज्यांना मी मनात शिव्या देत होते त्यांनीच हे रेकॉर्डवर आणून ठेवलं होतं. निकालपत्रात त्यावर एक वाक्य होतं, किरकोळ विसंगती.

फिर्यादी खोटं बोलला असं मला कधीच वाटलं नाही. अंधार, कोयता, काही सेकंद. मग ठाण्यात बाकावर बसवलेला एक पोरगा दिसतो. मग महिन्याभराने सात जणांत तोच चेहरा ओळखीचा वाटतो, कारण तो ओळखीचा असतोच, फक्त गल्लीतला नसतो. कोर्टात बोट दाखवेपर्यंत त्याची खात्री पक्की झालेली होती. मॅडम सांगत होत्या की अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या खटल्यांत दहापैकी साधारण सात वेळा चुकीची ओळख हे एक कारण निघालं. त्यावर तिथे बऱ्याच ठिकाणी उपाय केले गेले. परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसतं, आणि साक्षीदाराला किती खात्री वाटते हे तिथल्या तिथे त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. दोन्हीला खर्च जवळपास शून्य.

अपील दाखल झालं, आणि मग आमच्या आयुष्यात बोर्ड आला, म्हणजे कोर्टात त्या दिवशी निघणाऱ्या प्रकरणांची यादी. रोज संध्याकाळी मोबाइलवर उद्याचा बोर्ड बघायचा, आपला नंबर शोधायचा. कधी एकशे चाळिसावा, कधी नाहीच. २०२० कोरोनाने खाल्लं. मुलाकाती बंद, मग व्हिडिओ कॉल, पाच मिनिटं, त्यात तीन "आवाज येतोय का" मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षेला स्थगिती मिळून तो जामिनावर बाहेर आला. चार वर्षं चार महिने आत होता. सात वर्षांपैकी.

अंतिम सुनावणी अडीच वर्षांनी झाली आणि चाळीस मिनिटांत आटोपली. मी रकान्याची तयारी केल्यासारखी बसले होते. न्यायमूर्तींनी पान ४७ उघडायला सांगितलं, ती ओळ वाचली आणि सरकारी वकिलांना विचारलं, यावर काय? निकाल पुढे तिथूनच गेला. साक्षीदाराने आधी आरोपीला पाहिलेलं असेल तर परेडला अर्थ उरत नाही, आणि परेड गेली की दोन वर्षांनी कोर्टात पटवलेली ओळख एकटी उभी राहत नाही. घरातून जप्त केलेल्या कोयत्यावर रासायनिक विश्लेषकांना रक्त मिळालं नव्हतं. कोयता तर आमच्या भागात प्रत्येक घरात असतो. जप्त केलेले ४,२०० रुपये चोरीचेच, हे ठरवायला काही खूण नव्हती. माझ्या वयाच्या रकान्याला निकालपत्रात अर्धी ओळ मिळाली. मी ती अधोरेखित करून ठेवली आहे.

आणि बाजार समितीचं रजिस्टर? मॅडमनी अपिलात जादा पुरावा घ्यावा म्हणून अर्ज केला होता, तेव्हाचं कलम ३९१. अपीलच मंजूर झाल्यामुळे त्या अर्जावर काही ठरवण्याची गरज उरली नाही, तो निकाली निघाला. म्हणजे भाऊ त्या रात्री नेमका कुठे होता, हे आजपर्यंत कोणत्याही कोर्टाने लिहिलेलं नाही. त्याला संशयाचा फायदा मिळाला. गावात कोणी विचारलं तर आई "निर्दोष सुटला" म्हणते, आणि समोरचा कधीकधी म्हणतो, "हो, संशयाचा फायदा देऊन."

भरपाई मिळाली का, असं सगळे विचारतात. नाही. चुकीच्या खटल्याबद्दल भरपाई देणारा कायदा असावा अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात केली, आमच्या शिक्षेच्या तीन महिने आधी. कायदा झालेला नाही. रिट करता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले, तेही असे सहा जण ज्यांना २००९ मध्ये याच न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्यातही साक्षीदाराने आधी फोटोंवरून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि ते दडवलं गेलं होतं. मी तो निकाल भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "परत कोर्टात नको, ताई." विषय संपला.

आता कायदे बदलले आहेत, जुलै २०२४ पासून कलमांचे नंबर नवे झाले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावं लागतं. कोयता सापडल्याच्या पंचनाम्याचं चित्रीकरण आमच्या वेळी असतं तर काय दिसलं असतं, याचा विचार मी कधीकधी करते. ओळख परेडीत मात्र मला वाटतं तसं फार काही हललेलं नाही.

भाऊ पुन्हा टेम्पोवर आहे. कुठल्याही गेटवर गेला की नोंद स्वतः समोर उभा राहून करून घेतो आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो, स्वतःच्या सहीसकट. पेट्रोल पंप, टोल, गोदाम, सगळीकडे. एकदा मी म्हटलं, अरे फोन भरेल अशाने. म्हणाला, दोनदा भरला, आता ऐंशी जीबी रिकामं आहे.