ठिसूळ आहे, मान्य, पण कशामुळे?

इंटरमेटॅलिक, म्हणजे धातू ठरावीक प्रमाणात जुळून बनलेली संयुगं, इतकी ठिसूळ का, हे तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. नेहमी हेच विचारलं जातं: "इंटरमेटॅलिक इतकं ठिसूळ, मग यंत्रात कोण घालणार?"

घातलंय. जीईएनएक्स या जेट इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनमध्ये टायटॅनियम ॲल्युमिनाइडची (टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या अशाच संयुगाची) पाती २०११पासून विमानांत फिरताहेत. घनता निकेलच्या मिश्रधातूंच्या जवळपास निम्मी, आणि साध्या तापमानाला ओढली तर तुटण्याआधी लांबतात जेमतेम १-२ टक्के. तरीही प्रश्न संपत नाही, कारण ठिसूळपणा हा या पदार्थाचा जन्मजात स्वभाव असं सगळे धरून चालतात.

लोह ॲल्युमिनाइडचं बघा. ३६.५ अणु-टक्के (दर शंभर अणूंत ३६.५) ॲल्युमिनियमचा नमुना हवेत ओढला तर २ टक्क्यांच्या आसपास लांबून तुटतो. तोच माल कोरड्या ऑक्सिजनमध्ये ओढा, १७च्या पुढे जातो! दोष हवेतल्या बाष्पाचा. तड्याच्या टोकाशी नुकतं उघडं पडलेलं ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन घेतं, सुटा झालेला अणुरूप हायड्रोजन आत शिरतो आणि तडा पुढे सरकतो. सावकाश ओढलं तर हायड्रोजनला सवड मिळते. भरकन ओढलं की तोच नमुना बरा दिसतो. म्हणून ओढण्याचा वेग आणि हवेतली आर्द्रता लिहिलेली नसेल, तर तो आकडा मी धरतच नाही.

कडकपणाही असाच फसवतो. १००० अंशांवरून झटकन थंड केलं की अणूंच्या रिकाम्या जागा जाळीत अडकून राहतात आणि माल उगाच कडक होतो. ४०० अंशांवर पाचेक दिवस भट्टीत ठेवा, मग मोजा.

यावर माझाच मला आक्षेप आहे. ॲल्युमिनियम ४० टक्क्यांवर नेलं की कोरड्या ऑक्सिजनमध्येही नमुना ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे आतल्या स्फटिककणांच्या सीमांवर, फुटतो. किंचित बोरॉन घालून सीमा सांधल्या, तरी बाष्पाचा त्रास उरतोच. आणि निकेल व ॲल्युमिनियम समसमान असलेलं संयुग? १६३८ अंशांना वितळतं, हलकं आहे, मोह पडतो. पण स्फटिकांचा गठ्ठा न फुटता वाकायला अणूंचे थर एकमेकांवर घसरण्याचे पाच स्वतंत्र मार्ग लागतात, इथे तीनच मिळतात. तिथे विचारणाऱ्यांचं बरोबर आहे, आणि ते कबूल करणं मला जड जातं.

लोह ॲल्युमिनाइडबाबत मात्र मी मागे हटणार नाही. गंधकयुक्त गरम वायूच्या गाळण्यांसाठी ते वापरलं गेलंय. तिथे पृष्ठभागावरचा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर त्याला राखतो. जपायचं ते वेल्डिंग करताना: आधी तापवून घ्या, नंतरही उष्णता द्या, नाहीतर जोड थंड होता होता हायड्रोजनने तडकतो.