अंगठ्याचे नखरे

आज कणीक मळताना उजवा अंगठा पुन्हा मुळाशी सटकला. कट्ट आवाज, आणि मनगटापर्यंत कळ! शाळेत हाच अंगठा मागे वाकवून कोपराखालच्या हाताला टेकवून दाखवायचे, पोरी किंचाळायच्या. सांध्यांचा सैलपणा मोजणाऱ्या बेटन स्कोअरच्या 9 पैकी 2 गुण या दोन अंगठ्यांचेच, हे फिजिओकडे कळलं. सांधा धरून ठेवणारे अस्थिबंध सैल, म्हणून सगळा भार स्नायूंवर. ते दमले की दुखणं सुरू. एक्स-रे मात्र नॉर्मल, त्यामुळे सासूबाईंच्या मते कामचुकारपणा. असो. आता भाजी चिरताना अंगठ्याला आधाराची पट्टी (स्प्लिंट), पेनाला जाड ग्रिप, आणि टायपिंग तोंडी (हे स्टेटससुद्धा). बरण्यांची झाकणं अहोंकडे. ते ऑफिसला गेले की लोणच्याविना जेवण, नाहीतर शेजारच्या काकूंची बेल!